पहिलं बरं की दुसरं

आठवडाभर मी कुडाळच्या बाजारात
लोकांच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवते,
भिंगं बदलते, विचारते:
आता? पहिलं बरं की दुसरं?
म्हातारे लाजतात.
उत्तर चुकलं तर डोळे जप्त होतील
अशा चेहऱ्यानं दोन्हीला हो म्हणतात.

शनिवारी दोन वाजता शटर ओढलं
की रुकय्या स्कूटर घेऊन हजर,
डिकीत पाण्याच्या तीन बाटल्या,
एक कैरी, तिखटमिठाची पुडी.
माझ्या गळ्यात कॅमेरा,
लग्नं टिपून टिपून कंटाळलेल्या मांजरेकरांकडून
सहा हप्त्यांत घेतलेला.
त्याला अजून वाटतं
समोर कुणीतरी हार घेऊन उभं आहे.

लांब कुठे जायचं नाही, असं ठरलंय.
गच्चीत कपडे वाळत घालताना जो दिसतो,
दोरीवरच्या दोन चिमट्यांच्या मधे मावतो,
तोच डोंगर. सुळदेव.
दर शनिवारी तोच, वाट फक्त वेगळी.

पहिल्या खेपेला चिरेखाणीतून.
कातळ असा तापलेला
की चपला मागे राहू बघत होत्या.
खाणीच्या तळाशी हिरवं पाणी,
पाण्यात डोंगर उलटा.
तेवढा एक फोटो बरा आला.

दुसऱ्या खेपेला काजूच्या बागेतून.
बोंडांचा आंबूस वास सोमवारपर्यंत कपड्यांना.
हुमले रुकय्याच्या ओढणीत शिरले,
ती नाचली, मी टिपलं,
तिनं पुसायला लावलं.
मी पुसलं म्हटलं.

तिसऱ्या खेपेला डोंगरच नव्हता.
भाजावळीचा धूर, खाडीकडून चढलेली दमट हवा,
सगळं मिळून ताकाच्या निवळीसारखं आभाळ.
चौऱ्याऐंशी फोटो काढले,
चौऱ्याऐंशी वेळा पांढरं.
करवंदाच्या जाळीत कोपरापर्यंत हात घालून
रुकय्या म्हणाली,
"आधी स्वतःचा नंबर तपास."

मग मेच्या पहिल्या शनिवारी
मागच्या अंगानं, धनगरवाड्यावरून.
झऱ्यावर म्हशी, म्हशींमागे धाकू वरक.
सुळदेवाची वाट विचारली तर हसले.
"सुळदेव खंयचो? तेका आमी म्हशीचो खांदो म्हणतंव.
सूळ खंय असा तेका? बघ."

खरंच नव्हता.
इथून तो रुंद, बसका,
जळक्या गवताच्या कातडीचा,
बूड टेकून रवंथ करणारा.
इतकी वर्षं मी ज्याला टोक समजले
ते खांद्याचं हाड होतं, बाजूनं पाहिलेलं.
फोटो काढायचा राहिलाच.

त्यांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
पर्समधून बारका पेचकस काढला,
जुन्या पावत्यांत एक स्क्रूही निघाला.
चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला
आणि सवयीनं तोंडातून गेलं:
आता? पहिलं बरं की दुसरं?

त्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला,
उतारावर पाहिलं.
"दोनय बरी. जवळची म्हस ह्येतसून दिसता.
लांबची घंटेवरसून वळखतंय."
मग नव्या फ्रेमचा भाव विचारला.
मी शंभर कमी सांगितले,
रुकय्यानं माझ्यादेखत दोनशे.

उतरताना ऊन तिरपं झालं.
शेवटच्या वळणावरून गाव शोधलं:
माड, कौलं, एक पाण्याची टाकी.
आमची गच्ची सापडली नाही.
ज्या बाजूला असावी
त्या बाजूचा एक फोटो घेऊन ठेवला.

रविवारी सकाळी बादली घेऊन वर गेले.
पुन्हा ताकासारखं आभाळ.
चादरी, परकर, बाबांचे सदरे,
आणि दोरीच्या मधोमध दोन चिमटे,
त्यांच्या मधे काहीच नाही.
आई म्हणाली, "एवढी दोरी कशाला वाया घालवतेस?
टॉवेल मावेल की तिथे."

मावला असता.
मी तो ओलाच खांद्यावर टाकला
आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.